तीस तारखेची पहाट, एकोणतीस तारखेची रात्र

भाचा लातूरला भूगोलात एमएस्सी करतोय. प्रकल्पासाठी त्याला मराठवाड्यातल्या भूकंपांची यादी करायची होती. एका रात्री साडेनऊला त्याचा फोन आला.

"मामा, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या साईटवरून फाईल उतरवून घेतली. त्यात किल्लारीची तारीखच चुकलीय. एकोणतीस सप्टेंबर दाखवतंय. एवढी मोठी संस्था अन् एवढी साधी चूक?"

लातूर-धाराशिवकडच्या माणसाला ही तारीख कुणी वेगळी सांगितलेली खपत नाही. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आमच्या घरात तर अजून तारीख कुणी म्हणतच नाही, "विसर्जनाची रात्र" म्हणतात. गणपती बोळवून, दमून माणसं झोपली आणि दगडमातीच्या माळवदांखाली गेली. मुक्काम पोस्ट किल्लारी, सास्तूर, किती गावं.

मी भाच्याला म्हटलं, "वेळ काय लिहिलीय ते वाच." त्यानं वाचलं: बावीस वाजून पंचवीस मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. "आता त्यात साडेपाच तास मिळव." थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाला, "तीन पंचावन्न अठ्ठेचाळीस. दुसऱ्या दिवशी."

म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. जगभरचे भूकंप एका यादीत लावायचे तर सगळ्यांना एकच घड्याळ लागतं, आणि ते घड्याळ आहे यूटीसी, म्हणजे समन्वित जागतिक वेळ. पूर्वी आपण ग्रिनिच वेळ म्हणायचो, रोजच्या कामापुरती तीच धरा. भारताचं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढं चालतं. त्यामुळे आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आत जे काही घडतं, ते यूटीसीच्या कॅलेंडरात आदल्या दिवशी पडतं. विसर्जनाची रात्र, तीस तारखेची पहाट आणि एकोणतीस तारखेचे बावीस पंचवीस हा एकच क्षण आहे. माणूस ते बोलता बोलता जुळवून घेतो, न जुळलं तर विचारतो. प्रोग्रॅमला विचारता येत नाही. तो काहीतरी धरून चालतो आणि पुढं जातो, आणि त्यानं काय धरलं हे आपल्याला बहुधा बिल आल्यावर कळतं.

माझी पंधरा वर्षं याच धंद्यात गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी नुसती तारीख

०५/०६/२०२५ ही तारीख मराठवाड्यात कुणालाही वाचायला द्या, पाच जून म्हणेल. अमेरिकेत तीच सहा मे आहे, कारण तिथं महिना आधी लिहितात. आपल्याला वाटतं, आपला काय संबंध? संबंध असा, की दुकानातून आणलेल्या लॅपटॉपवर भाषा बहुतेक वेळा "इंग्रजी, अमेरिका" असते आणि ती बदलायची असते हे कुणी सांगत नाही.

मग होतं ते बघा. एका बचत गटाच्या हप्त्यांची यादी मी स्वतः पाहिलीय. ताईंनी तारखा आपल्या पद्धतीनं टाकलेल्या, दिवस आधी. एक ते बारा दिवसांच्या तारखा एक्सेलनं मुकाट्यानं उलट्या वाचल्या. तेरा तारखेपासून पुढं त्याला तेरावा महिना सापडेना, म्हणून त्या त्यानं तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवल्या. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच रकान्यात काही तारखा उजव्या कडेला चिकटलेल्या आणि काही डाव्या कडेला दिसल्या, की समजा घोळ झालाय. उजवीकडच्या एक्सेलनं तारीख म्हणून घेतल्या, डावीकडच्या घेतल्या नाहीत. आणि गंमत म्हणजे जास्त धोकादायक उजवीकडच्याच, कारण त्या नीट दिसतात.

एक्सेलच्या आत तारीख नसतेच मुळी, नुसता एक आकडा असतो. १९०० सालच्या १ जानेवारीला एक धरून दिवस मोजत यायचे. १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८. पाच जूनला आत ४५८१३ बसायला हवं होतं, तिथं सहा मेचं ४५७८३ बसलं. तीस दिवसांचा फरक, म्हणजे बरोबर एका महिन्याचं व्याज. ताईंना वाटलं व्याजाचं सूत्रच चुकलंय, आणि दोन दिवस त्या सूत्र तपासत बसल्या.

एक्सेलचा हा आगाऊपणा फक्त आपल्यालाच नडतो असं नाही. माणसाच्या काही जनुकांची नावं "मार्च१", "सेप्ट१" अशी होती. शास्त्रज्ञांनी ती रकान्यात टाकली की एक्सेल त्यांचं "१ मार्च", "१ सप्टेंबर" करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली: मार्चएफ१, सेप्टिन१. एक्सेल बदलण्यापेक्षा जनुकाचं बारसं पुन्हा करणं सोपं पडलं.

यावरचा उतारा जुना आहे. १९८८ साली आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात तारीख अशी लिहायची: वर्ष चार आकडी, मग महिना दोन आकडी, मग दिवस दोन आकडी, मध्ये आडव्या रेघा. पाच जून म्हणजे २०२५-०६-०५. सुरुवातीला चार आकडी वर्ष दिसलं की पुढं महिना आणि मग दिवस, यात जगात कुणाचा वाद नाही. वर्षानंतर दिवस आणि मग महिना असं लिहिणारा देश माझ्या तरी ऐकिवात नाही.

आपल्याला हे उलटं वाटतं, पण विचार करा, घड्याळ आपण कसं वाचतो? तास, मिनिटं, सेकंद, म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे. रुपये-पैसे तसेच, क्विंटल-किलो तसेच. तारीख तेवढी आपण शेपटीकडून धरतो. मोठ्याकडून लहानाकडे लिहिल्याचा एक फायदा फुकटात मिळतो: फाईलच्या नावात आधी अशी तारीख घातली, की नावाप्रमाणे लावलेल्या फाईली आपोआप तारखेप्रमाणे लागतात. सातबारे, पावत्या, शाळेचे निकाल, सगळं. महिना आणि दिवस एक आकडी असेल तर पुढचं शून्य मात्र विसरायचं नाही, नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो.

वर्ष दोन आकडी लिहू नका हे १९९९ साली इतकं सांगून झालंय की पुन्हा सांगायला नको होतं, तरी सांगतो. "३५" हे साल एक्सेल १९३५ धरतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली दोन आकडी वर्षाची नेहमीची पद्धत तेच २०३५ धरते, कारण तिची सीमारेषा ६८ आणि ६९ च्या मध्ये आहे आणि एक्सेलची २९ आणि ३० च्या मध्ये. एकाच गावातल्या एकाच आजीला एक प्रोग्रॅम नव्वद वर्षांची ठरवतो, दुसरा म्हणतो अजून जन्मायची आहे.

आणि अंकांचं. या लेखात मी आकडे देवनागरीत लिहितोय, छापतानाची आपली रीत तीच आहे. पण यंत्राला द्यायच्या फाईलमध्ये आकडे इंग्रजीच ठेवा. काही प्रोग्रॅमिंग भाषा देवनागरी अंक समजून घेतात, काही सरळ "हा आकडाच नव्हे" म्हणतात, आणि आपला प्रोग्रॅम कुठल्या जातीचा हे आधी कळत नाही. हातानं भरलेल्या फॉर्मवर तर आणखी मजा: आपला एक इंग्रजी नवासारखा दिसतो, आपला चार इंग्रजी आठासारखा. चार तारखेचा जन्म आठ तारखेला गेलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

दुधाची चिठ्ठी बरोबर, बिल चूक

तारखेला वेळ जोडली की खरा गुंता सुरू होतो. ही चूक माझी स्वतःची आहे, त्यामुळे नीट सांगता येईल.

काही वर्षांपूर्वी धाराशिव जिल्ह्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी सॉफ्टवेअर केलं होतं. सकाळी पाचला केंद्र उघडायचं. गवळी कॅन घेऊन रांगेत. काट्यावर लिटर, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, आणि हातात छापील चिठ्ठी. नोंद इंटरनेटवरून सर्व्हरला जायची आणि दर दहा दिवसांनी बिल निघायचं. सहा महिने कुणाची तक्रार नाही.

उन्हाळ्यात एक म्हातारे गवळी आले, हातात चिठ्ठ्यांची चळत. "सर, बारा तारखेला सकाळी मी दोनदा दूध घातलं का?" म्हटलं, नाही हो काका, दोनदा कसं घालाल. "मग तेरा तारखेचं दूध गेलं कुठं?"

बिलात तेरा तारखेची सकाळ रिकामी होती. चिठ्ठीवर मात्र १३ तारीख, पाच वाजून बारा मिनिटं, स्वच्छ छापलेलं. चिठ्ठी केंद्रावरचा संगणक छापायचा, त्याचं घड्याळ भारतीय. सर्व्हर यूटीसीवर चालायचा आणि नोंदीची तारीख मी सर्व्हरला विचारून घेत होतो. पाच बाराला यूटीसीमध्ये आदल्या रात्रीचे तेवीस बेचाळीस वाजलेले असतात, म्हणून तारीख लागली बारा. "सकाळची पाळी" हा शब्द मात्र केंद्रावरून यायचा. झालं बारा तारखेची सकाळ. बारा तारखेला हेच काका जरा उशिरा, पाच चाळीसला आले होते, ती नोंद बारा सकाळ अशीच होती, बरोबर. एका गवळ्याच्या एका पाळीत दुसरी नोंद आली की ती आधीच्या नोंदीची दुरुस्ती समजायची, असं मीच लिहून ठेवलेलं. नऊ लिटर दूध दुसऱ्या नऊ लिटरवर सांडलं.

हिवाळ्यात हे का दिसलं नाही? थंडीत लोक साडेपाचनंतरच यायचे. उन्हाळ्यात उजेड लवकर, रांग लवकर. साडेपाचची ती रेघ रोज तिथंच होती, माणसं सहा महिने तिच्या पलीकडेच यायची एवढंच.

दुरुस्ती करताना मी दोन गोष्टी केल्या. पहिली, क्षण पूर्ण लिहायचा: २०१८-०५-१३ ०५:१२:००+०५:३०. शेवटचं अधिक साडेपाच म्हणजे "ही वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढच्या घड्याळातली आहे" ही कबुली. एवढी शेपटी असली की वाचणारा प्रोग्रॅम लातूरला असो की लंडनला, क्षण एकच निघतो. शेपटी नसेल तर ०५:१२ म्हणजे नुसती "सव्वापाचला ये" म्हटल्यासारखी गोष्ट, कुणाच्या घड्याळात ते ज्याचं त्यानं ठरवावं. वेळ थेट यूटीसीत लिहायची असेल तर शेपटीच्या जागी इंग्रजी झेड हे एकच अक्षर लावतात. किल्लारीची नोंद दोन्ही प्रकारे लिहिता येते: १९९३-०९-३० ०३:५५:४८+०५:३०, नाहीतर १९९३-०९-२९ २२:२५:४८ आणि पुढं झेड.

इंटरनेटवरच्या प्रोग्रॅमांसाठी हाच ढाचा २००२ साली आरएफसी ३३३९ या दस्तऐवजात आखून दिला. आयएसओ ८६०१ मध्ये दहा तऱ्हेनं लिहायची मुभा आहे, आठवड्याचा क्रमांक घालून वगैरे. आरएफसी त्यातली एकच वाट धरतं आणि वेळेबरोबर ही शेपटी सक्तीची करतं. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये खरं तर इंग्रजी टी हे अक्षर घालतात. वाचायला सोपं म्हणून मी इथं मोकळी जागा सोडलीय, आरएफसीला ते चालतं, पण फाईल दुसऱ्याला देणार असाल तर टीच घाला.

दुसरी गोष्ट मला जास्त उशिरा कळली. दुधाचा "दिवस" हा क्षणातून काढायचा नसतोच. तो केंद्र ठरवतं. सचिव म्हणतो ही तेरा तारखेची सकाळ, मग ती तेरा तारखेची सकाळ. त्यासाठी वेगळा रकाना केला, त्यात नुसती तारीख, वेळ नाही, शेपटी नाही. क्षण वेगळा, कामाचा दिवस वेगळा. रेल्वेत हे रोज दिसतं: मुंबईहून रात्री सुटलेली गाडी परभणीला पोचते तोवर तारीख बदललेली असते, आणि ॲप विचारतं "गाडी कुठल्या तारखेची?" सुटली त्या दिवसाची की तुम्ही चढणार त्या दिवसाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

१८:३० दिसलं की थांबा

भारतात प्रोग्रॅमिंग करणाऱ्या पोरांना एक खूण सांगतो. डेटाबेसात एखादी जन्मतारीख २०१२-०६-११ १८:३०:०० अशी दिसली, तर ते पोरगं बारा जूनला जन्मलेलं आहे. फॉर्मवर बारा तारीख निवडली. ब्राउझरनं तिची केली "बारा जून, रात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं, भारतीय वेळ". पाठवताना तिची यूटीसी केली, साडेपाच तास वजा झाले आणि आली अकरा जूनची संध्याकाळ, साडेसहा. मग कुणीतरी वेळेचा भाग कापून टाकला आणि दाखल्यावर अकरा तारीख छापली गेली.

जन्मतारीख हा क्षण नव्हे. जन्माची वेळ वेगळी लिहा हवी तर. तारीख तारीख म्हणूनच ठेवली, तिला मध्यरात्र चिकटवलीच नाही, तर कापायची वेळ येत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत याची उलटी खोड आहे: नुसती २०१२-०६-१२ दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरते, आणि वेळ जोडून पण शेपटी न लावता दिली तर इथली वेळ धरते. भारतात बसून तपासलं तर पहिली चूक दिसतच नाही, कारण यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाट साडेपाच, तारीख तीच. अमेरिकेतला ग्राहक उघडतो तेव्हा त्याला आदला दिवस दिसतो.

"१ जानेवारी १९७०" ही तारीख कुठं अचानक दिसली तर तीही खूणच. पुष्कळशी यंत्रं वेळ सेकंदांत मोजतात, त्या क्षणापासून. म्हणून माहिती नसली आणि शून्य बसलं की १ जानेवारी १९७० उगवतं, आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजता. ही मोजणी ३२ बिटांत ठेवणाऱ्या जुन्या यंत्रांचा हंडा १९ जानेवारी २०३८ ला भरतो, आपल्या घड्याळात सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंदांनी.

आणि "रात्री १२ वाजेपर्यंत" हे तर लिहूच नका. "पीक विम्याची मुदत ३१ जुलै रात्री १२" म्हणजे तीस आणि एकतीसच्या मधले बारा की एकतीस आणि एकच्या मधले? शेतकरी बरोबर समजतो. प्रोग्रॅमला "१ ऑगस्ट ००:०० च्या आधी" असं सांगावं लागतं.

साडेपाचच का, आणि नेहमी साडेपाच का नव्हे

पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर बांधलीय, ते मिर्झापूरजवळून जातं. साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे तीनशे तीस मिनिटं, साडेपाच तास. लातूर मिर्झापूरच्या सहा एक अंश पश्चिमेला, म्हणून लातूरला सूर्य डोक्यावर यायला घड्याळात सरासरी बारा वाजून चोवीस मिनिटं होतात. छत्रपती संभाजीनगरला आणखी पाच मिनिटं. माझे आजोबा सावलीवर जेवायला यायचे आणि घड्याळाला "पुढं पळणारं" म्हणायचे, ते काही चुकीचं नव्हतं.

ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची, पण मुंबईनं स्वतःची वेळ, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागं, १९५५ पर्यंत चालवली. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ देशाचं घड्याळ एक तास पुढं केलं होतं, म्हणजे शेपटी +०६:३०. जुने ज्योतिषी त्या वर्षांतली पत्रिका करताना तास वजा करतात ते यामुळेच. संगणकालाही हे माहीत असतं, मात्र त्याला नुसतं +०५:३० न सांगता विभागाचं नाव सांगितलं तर.

ते नाव आहे "आशिया/कोलकाता". मुंबई नाही, दिल्ली नाही, म्हणून आपल्याकडे अनेकांना ते निवडताना शंका येते. या नावांची आणि त्यामागच्या नियमांची एक जागतिक यादी आहे, आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेली, आता आयाना ही संस्था सांभाळते. फोनपासून सर्व्हरपर्यंत बहुतेक सगळे तीच वापरतात. कुठल्या देशानं कधी घड्याळ किती सरकवलं याची ती वंशावळच समजा. सामोआनं २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला, एकोणतीसनंतर थेट एकतीस, तेही त्यात आहे.

आपल्याकडे घड्याळ हलत नाही, त्यामुळे शेपटी आणि विभाग यांतला फरक आपल्याला जाणवत नाही. जाणवतो तो न्यू जर्सीतल्या पोरीशी बोलायची वेळ ठरवताना. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास पुढं जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं येतं. उन्हाळ्यात तिची सकाळ नऊ म्हणजे आपली संध्याकाळ साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. घडून गेलेल्या गोष्टीला शेपटी पुरते. पुढच्या हिवाळ्यातली तिच्याकडची नऊची भेट लिहायची तर "अमेरिका/न्यूयॉर्क, ०९:००" असं विभागाच्या नावानं लिहावं, कारण तोवर तिथल्या सरकारनं नियमच बदलला तर शेपटी खोटी पडेल. शेपटीसोबत विभागाचं नावही चौकटी कंसात लिहायची सोय २०२४ मधल्या आरएफसी ९५५७ नं करून दिलीय.

"आयएसटी" असं तीन अक्षरांत लिहिणं मात्र सोडा. इस्रायल आणि आयर्लंडही आपापल्या वेळेला आयएसटीच म्हणतात.

जे माहीत नाही ते लिहू नका

हे मराठवाड्यात सगळ्यात जास्त लागतं. २०२३ पासून निजामकाळातल्या नोंदी शोधायची धावपळ झाली तेव्हा घरोघरी जुने कागद ट्रंकेतून बाहेर आले, मोडी, उर्दू. त्यांवर साल असतं १३५० फसली. हैदराबाद संस्थानचा महसुली फसली सन ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचा, आणि इसवी सन काढायला त्यात ५९० मिळवायचे. १३५० फसली म्हणजे १९४० च्या ऑक्टोबरपासून १९४१ च्या ऑक्टोबरपर्यंत. एकानं अशा उताऱ्यांची यादी संगणकावर केली आणि वर्षाच्या रकान्यात १३५० टाकलं. यंत्रानं निमूट घेतलं. त्याच्या लेखी ती जमीन अल्लाउद्दीन बहमनशाहाच्या काळातली झाली.

अशा कागदासाठी दोन रकाने करा. पहिल्यात कागदावर जसं आहे तसं, फसलीसकट, अक्षरही न बदलता. दुसऱ्यात यंत्रासाठी: १९४०-१०/१९४१-१०. मध्ये तिरपी रेघ म्हणजे "पासून पर्यंत", हे आयएसओ ८६०१ मध्ये बसतं. महिन्याचं नाव वाचता आलं तर हा पट्टा आणखी लहान करता येतो. वाचता आलं नाही तर वर्षाच्या जागी मनानं १९४०-१०-०१ टाकू नका. तो आकडा पाहणाऱ्याला वाटेल की तुम्हाला दिवससुद्धा माहीत होता.

आता एक जून. शाळेत नाव घालायला बाप पोराला खांद्यावर घेऊन यायचा, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा "लई पाऊस झाला त्या साली". गुरुजी लिहायचे एक जून. आमच्या गावात साठीपुढच्या माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी, सामुदायिक विवाहासारखा. गुरुजींचा दोष नाही, रजिस्टरचा रकाना पूर्ण तारीख मागायचा. आजचे फॉर्मही तेच मागतात. आधार कार्डावर तरी काहींच्या नुसतं जन्मवर्ष छापलेलं असतं, ते मला फार प्रामाणिक वाटतं. आयएसओ ८६०१ नुसतं १९५१ किंवा १९५१-०६ लिहू देतं, आणि २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात तर "अंदाजे" साठीही खूण आहे, सालापुढं एक नागमोडी रेघ: १९५१~.

माझी आई म्हणते तिचा जन्म रझाकार गेल्यावर दोन-तीन वर्षांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे तिथी नक्की आणि साल अंदाजे. दिवस माहीत नसलेल्या सालाला मानकात जागा आहे, साल माहीत नसलेल्या पोळ्याला नाही, कारण पोळा दरवर्षी हलतो. मी माझ्या वहीत तिची तारीख १९५१~ लिहिलीय, आणि शेजारच्या रकान्यात "पोळ्याच्या आदल्या दिवशी". कागदोपत्री ती १ जून १९५१ आहे. दर एक जूनला बँकेचा शुभेच्छांचा मेसेज येतो, आणि दरवर्षी ती फोन पुढं करून विचारते, "ह्यांना कुणी सांगितलं?"